व्हिपेहोल्मची टॉफी

संशोधनाच्या तयारीला लागला असाल, तर ही गोष्ट माहीत असू द्या. स्वीडनमधल्या लुंड इथे व्हिपेहोल्म नावाचं रुग्णालय होतं, बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांसाठी. १९४७ मध्ये तिथल्या रुग्णांच्या आहारात मुद्दाम साखर वाढवली गेली. काहींना दोन जेवणांच्या मधे, दाताला चिकटून राहील अशी टॉफी दिली. दात किडतात का, हेच पाहायचं होतं. अनेकांचे किडले, तेही कायमचे. संमती कोणी घेतलीच नाही. त्याच वर्षी न्यूरेंबर्ग संहितेने मात्र प्रयोगासाठी स्वेच्छेची संमती अत्यावश्यक ठरवली होती!

१९५४ मध्ये निष्कर्ष छापून आले: साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा आणि किती चिकट रूपात खाल्ली, हे महत्त्वाचं. निष्कर्ष आजही टिकून आहे. पण म्हणून प्रयोग योग्य ठरतो का? नाही.

तुम्ही या अभ्यासाचा संदर्भ जरूर द्या. पण ते रुग्ण कोण होते, हे एक वाक्य जास्तीचं लिहा. आणि स्वतःचा नमुना निवडताना विचारा: हीच माणसं का घेतली? प्रश्नाला योग्य आहेत म्हणून, की ‘नाही’ म्हणू शकत नाहीत म्हणून?