हनुसंधी आणि शस्त्र

भवानीनगरच्या साखर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या गाडीवरून कोणी हनुवटीवर आपटला, तर पुष्कळदा मोडते ते हनुवटीचे हाड नव्हे, कानापुढच्या सांध्याचे. ह्या सांध्याची चिंता जुनी आहे. निखळलेला जबडा जागी बसवून, शेकून, पंचांगी बंधाने बांधावा, असे सुश्रुतसंहिता सांगते. १८८७ साली अमेरिकेत गिल्मर ह्यांनी मोडलेल्या जबड्यासाठी वरचे-खालचे दात तारेने जखडले. दोन्ही उपायांत कातडीला शस्त्र लागत नाही.

आणि शस्त्राचे भय अनाठायी नव्हते. सांध्याजवळूनच चेहऱ्याचा मज्जातंतू जातो. तो दुखावला की डोळा मिटत नाही, हसू वाकडे होते. चार्ल्स बेल ह्यांनी १८२१ मध्ये ह्या तंतूचे कार्य विशद केले. पुढे शस्त्रवैद्यांनी त्याला चुकवणाऱ्या वाटा शोधल्या : कानासमोरून, जबड्याच्या कोनामागून, आणि १९३४ साली रिस्डन ह्यांनी वर्णिलेली जबड्याखालून.

चेहऱ्याचे मोल पुण्याला नव्याने सांगावयास नको. कावसजी गाडीवानाचे कापलेले नाक येथेच कपाळाच्या कातडीने घडविले गेले. ते वृत्त १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापले गेले. म्हणून आजही हाड फारसे सरकले नसेल, तर दात बांधून व व्यायाम देऊन भागवतात. हाड जुळले, पण हसू गेले, तर आपण त्यास बरे झाले असे कसे म्हणावे?