बँकेच्या जागेत पावाची भट्टी

मागच्या वेळी आपण वाड्यांविषयी बोललो. आज मुंबईला जाऊ या. फोर्टात, हुतात्मा चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर कावसजी पटेल स्ट्रीट आहे. त्या रस्त्यावरची यझदानी बेकरी म्हणजे आजची आपली गोष्ट.

माझी आत्या फोर्टातल्या एका ऑफिसात टायपिस्ट होती. शाळेच्या सुट्टीत तिच्याकडे गेले की ती मला तिथे घेऊन जायची. ब्रून म्हणजे कडक कवचाचा पाव. तो मधोमध कापून आत भरपूर मस्का लावलेला असायचा. तो चहात बुडवून कसा खायचा, हे तिनेच मला शिकवले. मी छताकडे बघत बसले की ती म्हणायची, "अगं, ही पूर्वी जपान्यांची बँक होती." मला ते खरे वाटत नसे. जपानी माणसे फोर्टात कशाला येतील?

उत्तर पुढे इतिहास वाचताना मिळाले, आणि ते आपल्याच शेतांतून निघाले. वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबई बंदरातून जपानच्या गिरण्यांना जात असे. १८९३ साली टाटा आणि जपानची निप्पॉन युसेन कैशा कंपनी यांनी मिळून मुंबई ते कोबे अशी बोटींची फेरी सुरू केली. बोटी आल्या तसे कापूस खरेदी करणारे आले आणि त्यांच्यामागून त्यांच्या बँका आल्या. योकोहामा स्पेशी बँकेची शाखाही मुंबईत होती. आत्या म्हणायची ती बँक यांपैकी नेमकी कोणती, यात आपण पडायला नको. पण फोर्टात जपानी बँक असणे ही त्या काळी नवलाची गोष्ट नव्हती, एवढे नक्की.

डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि एका रात्रीत चित्र पालटले. जपानी पेढ्या आणि बँका ब्रिटिश सरकारच्या लेखी शत्रूच्या झाल्या. व्यवहार थांबले, दारे बंद झाली. कापसावर उभा राहिलेला तो सगळा डोलारा गेला. भिंती तेवढ्या राहिल्या.

स्वातंत्र्यानंतर, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, तिथे पावाची भट्टी पेटली. ती पेटवणारे झेंड कुटुंब इराणी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इराणातल्या यझ्द आणि केरमान भागातले गरीब जरथुश्त्री पोटासाठी मुंबईत येऊ लागले होते. आपण ज्यांना इराणी म्हणतो, ते हेच. पाव मात्र त्यांच्याही आधी इथे आला होता. पोर्तुगीजांनी तो आणला, गोव्याच्या पोदेरांनी तो घरोघरी पोहोचवला आणि शब्दही पोर्तुगीजांचाच राहिला. इराण्यांनी त्याला मस्क्याची आणि चहाची जोड दिली आणि बसायला टेबल दिले.

हे टेबल आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. एकट्या बाईने हॉटेलात बसून चहा पिणे त्या काळी सोपे नव्हते. पुष्कळ इराणी हॉटेलांत 'फॅमिली रूम' असे, पडदा किंवा लाकडी आडोसा घातलेली. टेलिफोन ऑपरेटर, टायपिस्ट, नर्स अशा नोकरदार बायकांना दोन घटका बसायला तिथे जागा मिळे. आत्याच्या पिढीपर्यंत तो आडोसा नकोसा झाला होता. ती सरळ दाराजवळच्या टेबलावर बसायची. पण हॉटेलात जाऊन बसण्याची वहिवाट तिच्या आधीच्या बायकांनी पाडून ठेवली होती.

आता तुम्ही विचाराल, बँका आणि मोठ्या कंपन्यांच्या फोर्टात एका कुटुंबाची बेकरी टिकली कशी? मेहनतीने आणि चवीने तर खरेच. आल्याच्या बिस्किटांसाठी आणि ॲपल पायसाठी माणसे तिथे लांबून येत. पण नुसत्या चवीवर फोर्टात जागा टिकत नाही. अशा दुकानांमागे एक कायदाही उभा होता.

१९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधून टाकली. त्यामुळे इराणी हॉटेले, छापखाने, शिंप्यांची दुकाने अशी कितीतरी कुटुंबे भर शहरात राहू शकली. या कायद्याची दुसरी बाजूही होती. इतक्या थोड्या भाड्यात घरमालक डागडुजी कशी करणार? छपरे गळू लागली, तुळया वाकल्या. ज्या कायद्याने भाडेकरूला वाचवले, त्यानेच इमारतीला म्हातारपण लवकर आणले.

३१ मार्च २००० पासून महाराष्ट्रात नवा भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. त्यात भाडे वर्षाला चार टक्के वाढवायची मुभा मिळाली आणि पागडीला मान्यताही मिळाली. बँका आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांना मात्र संरक्षणातून वगळले. म्हणजे आज बँकेला जे संरक्षण नाही, ते बँकेच्या जुन्या जागेत पाव भाजणाऱ्या कुटुंबाला मिळू शकते!

मुंबईत १९९५ पासून वारसा वास्तूंसाठी नियमावली आहे. पण ती भिंती, कमानी, छप्पर जपते. आत चालणारा धंदा जपणे हे तिचे काम नाही. त्यात भट्टीचा प्रश्न आहेच. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. हवा सगळ्यांचीच आहे, त्यामुळे त्यात चूक काही नाही. पण नव्या भट्टीचा खर्च लहान कुटुंबाला पेलेल का, हाही प्रश्न खराच आहे.

जुनी वास्तू टिकते ती आत रोज कोणीतरी काम करते म्हणून. सकाळी दार उघडणारे, कौल सरकले की लगेच वर पाहणारे कोणीतरी लागते. आणि तिथेच आपली, बायकांची गोष्ट सुरू होते.

आमचे पेठेत मसाल्याचे दुकान होते, भाड्याच्या जुन्या जागेत. दुकानात वडील बसत. मसाला आई भाजायची, घरी, मागच्या पडवीत. वडील गेले तेव्हा प्रश्न निघाला की भाडेपावती आता कोणाच्या नावाने? कायदा म्हणतो, भाडेकरू वारला तर त्या जागेत त्याच्याबरोबर धंदा करणाऱ्या कुटुंबीयाचा हक्क आधी, तसा कोणी नसेल तर वारसांचा. सगळ्यांनी माझ्या भावाकडे पाहिले. तो सुट्टीच्या दिवशी गल्ल्यावर बसायचा. आई तर "घरीच" होती.

मग आईने फडताळातून रोजमेळाच्या वह्या काढल्या. रोज दुपारी वडिलांचा डबा घेऊन ती दुकानात जायची आणि ते जेवेपर्यंत हिशेब लिहायची. सत्तावीस वर्षांच्या वह्या, पानोपानी तिचे अक्षर. कोणी काही बोलले नाही. पावती आईच्या नावाने झाली.

म्हणून मैत्रिणींनो, आपल्या गावच्या बाजारपेठेतून जाताना जुन्या दुकानांकडे जरा थांबून पाहा. इथे आधी काय होते, ते कोणी चालवले, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा. आणि तुमच्या घरचे असे दुकान असेल, तर आज संध्याकाळी दोन गोष्टी बघा. भाडेपावतीवर नाव कोणाचे आहे? आणि हिशेबाच्या वहीत तुमचे अक्षर आहे का? नसेल, तर उद्यापासून लिहायला लागा.

पुन्हा भेटू. नमस्कार.