मॅकवर बसायची वेळ आली तर... हे कीबोर्ड शॉर्टकट हाताशी ठेवा

भामरागड : आपल्याकडे संगणक म्हटला की बहुतेक ठिकाणी विंडोजच. एमएस-सीआयटीचा वर्ग असो, ऑनलाइन अर्ज भरायचं केंद्र असो की शाळेतली लॅब, हाताला सवय लागते ती विंडोजच्या कीबोर्डची. पण शिक्षण संपवून पोरं-पोरी नागपूर, पुणे, हैदराबादला जातात. तिथे छपाईचं डिझाइन, व्हिडिओ एडिटिंग, वर्तमानपत्राची पानं लावणं अशा कामांसाठी अनेक ऑफिसांत ॲपलचा मॅक असतो. मुलाखतीत ‘हे पान टाइप करून दाखवा’ म्हटलं की काम येत असूनही हात अडखळतो, आणि समोरच्याला वाटतं की याला काही येतच नाही. घाबरायचं कारण नाही. तुम्हाला येतं त्यातलं बरंचसं मॅकवर चालतं, फक्त बोट कुठे ठेवायचं ते बदलतं.

पहिला नियम : कंट्रोलऐवजी कमांड

स्पेसबारच्या दोन्ही बाजूंना कमांड नावाची कळ असते. तिच्यावर चारही कोपऱ्यांना वळसे असलेल्या चौकोनाची खूण दिसते. विंडोजवर जिथे कंट्रोल दाबता, तिथे मॅकवर बहुतेक वेळा कमांड दाबायची. कंट्रोल करंगळीने दाबतो, कमांड अंगठ्याने दाबायची. एवढं हाताला शिकवलं की अर्धं काम झालं.

- कॉपी : कमांड + सी
- पेस्ट : कमांड + व्ही
- कट : कमांड + एक्स
- चूक मागे घेणे : कमांड + झेड
- मागे घेतलेलं परत आणणे : शिफ्ट + कमांड + झेड
- सगळं निवडणे : कमांड + ए
- सेव्ह : कमांड + एस
- शोधणे : कमांड + एफ
- प्रिंट : कमांड + पी

अक्षरं तीच आहेत, कारण मुळात ही पद्धत विंडोजने मॅककडूनच घेतली. १९८३ चा लिसा आणि १९८४ चा मॅकिंटॉश या ॲपलच्या संगणकांवर झेड, एक्स, सी, व्ही या शेजारच्या चार कळांना ही कामं दिली गेली. विंडोजने पुढे तीच अक्षरं कंट्रोलसोबत ठेवली.

इथे हात फसतो

१. मॅकवर डिलीट लिहिलेली कळ विंडोजच्या बॅकस्पेसचं काम करते. कर्सरच्या पुढचं अक्षर खोडायचं तर एफएन + डिलीट.

२. फाइल निवडून रिटर्न दाबलं तर ती उघडत नाही, तिचं नाव बदलायला लागतं. उघडायला कमांड + ओ. फाइल फक्त डोकावून बघायची असेल तर नुसता स्पेसबार.

३. फाइल एका फोल्डरमधून दुसरीकडे हलवायला कट चालत नाही. आधी कमांड + सी, मग नव्या जागी ऑप्शन + कमांड + व्ही.

४. कमांड + डब्ल्यू ने फक्त ती खिडकी बंद होते. शेजारचा क्यू दाबला गेला तर अख्खं ॲप बंद. घाईत बोट घसरतंच, म्हणून आधी सेव्ह.

५. अल्ट + टॅबच्या जागी कमांड + टॅब. पण त्याने ॲप बदलतं. एकाच ॲपच्या दोन खिडक्यांत जायचं तर कमांड आणि टॅबच्या वरची कळ.

६. प्रिंट स्क्रीन कळच नाही. पूर्ण पडद्याचा फोटो शिफ्ट + कमांड + ३, हवा तेवढाच भाग शिफ्ट + कमांड + ४.

७. ॲप अडकलं तर ऑप्शन + कमांड + एस्केप दाबा. यादी येते, त्यातलं अडकलेलं ॲप बंद करा.

मॅकला विंडोजचा कीबोर्ड जोडलेला असला तर विंडोजची खूण असलेली कळ कमांडचं आणि अल्ट ऑप्शनचं काम करते.

मराठी कसं टाइप करायचं?

सिस्टीम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड उघडा. इनपुट सोर्सेसमध्ये जाऊन मराठी निवडा आणि देवनागरी कीबोर्ड जोडा. त्यानंतर इंग्रजीतून मराठीत आणि परत जायला कंट्रोल + स्पेस. इथे मात्र कंट्रोलच, कमांड नाही. कमांड + स्पेसने शोधाची पट्टी उघडते.

विंडोजवर इनस्क्रिप्ट शिकला असाल तर चांगलंच, कारण मॅकचा देवनागरी कीबोर्डही त्याच मांडणीचा आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. ‘भामरागड’ लिहायचं तर शिफ्ट + वाय, ई, सी, जे, ई, आय आणि पीच्या शेजारची चौकोनी कंसाची कळ. जोडाक्षराला मध्ये डी दाबायचा, म्हणजे ‘पर्ल’ साठी एच, जे, डी, एन. माडिया शब्द देवनागरीत लिहायचे असले तरी हाच कीबोर्ड चालतो.

रेमिंग्टन मांडणीवर टायपिंग शिकलेल्यांना कळा वेगळ्या लागतील, त्यामुळे थोडे दिवस काढून इनस्क्रिप्ट शिकून घेतलेलं बरं. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडला तर नुसती निरर्थक चिन्हं दिसतात. मुलाखतीला किंवा अर्जासाठी मजकूर नेताना युनिकोडमध्येच न्या.

मॅक नाही, मग सराव कसा?

यातला मोठा भाग विंडोजवरही होतो. माउसला हात न लावता एक पान टाइप करा, निवडा, हलवा, सेव्ह करा. कोणतं अक्षर कशासाठी, हे पक्कं झालं की मॅकवर फक्त अंगठा बदलायचा राहतो. इनस्क्रिप्टचा सरावही तसाच विंडोजवर होतो. रोज दोन शॉर्टकट घ्या, पुढचे दोन दुसऱ्या दिवशी. सगळी यादी एका दिवसात पाठ करू नका, राहत नाही.

आणि सगळ्यात आधी अंगवळणी पाडा ते सेव्ह. पावसाळ्यात पर्लकोटा चढली की इथे वीज आणि नेटवर्कचं काय होतं ते आपल्याला कोणी सांगायला नको. काही ॲप आपोआप सेव्ह करतात, सगळी नाही. प्रत्येक परिच्छेद संपला की सेव्ह, मग ते भामरागडचं विंडोज असो की पुण्याचा मॅक. मुलाखत असो वा अर्ज, लिहिलेलं गेलं तर पुन्हा लिहायला वेळ मिळेलच असं नाही.