रोमच्या आधी कुडणें

माझी भाची आणि तिचा नवरा नोकरीनिमित्त म्युनिकला असतात. गेल्या दिवाळीत तिचा फोन आला. "मावशी, एप्रिलमध्ये ये. भाड्याची गाडी घेऊ आणि पंधरा दिवस रोमन लोकांच्या जुन्या जागा बघत फिरू. यादी तू कर, इतिहास तूच शिकवलास ना आम्हाला?"

सव्वीस वर्षं पेडणे तालुक्यात इतिहास शिकवला, पण तो सगळा पुस्तकातून. मग काय, स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडून बसले. पहिल्या पानावर ॲपियन मार्ग, इ.स.पू. ३१२ मध्ये सुरू झालेला रोमचा राजरस्ता. मग फ्रान्सच्या दक्षिणेला नीम गावाला पाणी नेणारा पाँ दू गार, कमानींचे तीन मजले एकावर एक, उंची जवळजवळ पन्नास मीटर. मग आर्लचं रंगमंडळ. आणि नेपल्सचं संग्रहालय तर चुकवायचंच नाही. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ साली एक हस्तिदंती बाई सापडली. हातभर बांगड्या, पायांत तोडे, गळ्यात हार आणि दोन्ही बाजूंना दोन लहान दासी. आपल्याकडचीच ती! तशाच घडणीच्या मूर्ती आपल्या तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. माझं माहेर कोल्हापूरचं. तिथल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत गेल्या शतकाच्या चाळिशीत रोमन समुद्रदेवाची छोटी ब्राँझ मूर्ती निघाली. म्हणजे त्यांचा देव आपल्या पंचगंगेकाठी आणि आपली बाई त्यांच्या घरात. दोन हजार वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांनी केलेली ही अदलाबदल.

हे सगळं मी भाचीला रंगवून सांगत होते. ती मध्येच म्हणाली, "मावशी, तुझ्या गोव्यात आपलं जैनांचं जुनं काय आहे गं?"

मी पटकन सांगितलं, "आहे की. डिचोली तालुक्यात कुडणें गावात देवळाचे अवशेष आहेत, नार्व्याला जैनकोट आहे, फोंड्याकडे बांदिवड्याला नेमिनाथांची बस्ती होती."

"कशी आहेत? फोटो पाठव ना."

फोटो कुठले! लग्न होऊन पेडण्यात आले त्याला तेहतीस वर्षं झाली. कुडणें घरापासून दीड-दोन तासांच्या आत. आणि मी एकदाही गेले नव्हते. फोन ठेवल्यावर स्वतःचीच लाज वाटली.

त्याच आठवड्यात आमच्या महिला मंडळाची बैठक होती. यात्रेचा विषय निघाला. दर वर्षीप्रमाणे कुंभोज बाहुबली की श्रवणबेळगोळ, एवढीच चर्चा. मी म्हटलं, "या वेळी एक दिवसाची गाडी करू आणि कुडण्याला जाऊ."

दोन मिनिटं कोणी बोललंच नाही. मग एक वहिनी म्हणाल्या, "तिथं मूर्ती आहे का?"

"नाही."

"पूजा-अभिषेक?"

"नाही. पडकं देऊळ आहे."

"मग दर्शन कशाचं घ्यायचं?"

प्रश्न खोटा नव्हता. खंडित मूर्तीची पूजा आपल्यात होत नाही. जिथे पूजा नाही तिथे तीर्थ कसलं, असंच आपण लहानपणापासून धरून चाललो. त्यात गैर काही नाही. पण त्याचा एक परिणाम असा झाला की जिथली पूजा थांबली, त्या जागा आपण मनातूनही काढून टाकल्या. शेवटी बैठकीत ठरलं कुंभोजच. कुडण्यासाठी माझ्याबरोबर तीन जणी तयार झाल्या. त्यांतल्या अक्कांचं वय चौऱ्याहत्तर.

रोमची वही बाजूला ठेवून मी दुसरी वही घेतली. नियम साधे. चातुर्मास संपल्यावरच निघायचं. पावसात जांभ्या दगडावर शेवाळ असतं, आणि पायाखाली जीव मरतात ते वेगळंच. सूर्यास्ताआधी जेवण उरकायचं, म्हणजे पहाटे निघणं भाग. डब्यात दशम्या, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी आणि भडंग. पाणी गाळून बरोबर.

डिसेंबरातल्या एका सकाळी निघालो. पहिला थांबा आमच्याच तालुक्यात, शापोरा नदीच्या काठचा हळर्णचा किल्ला. हा सावंतवाडीकर भोसल्यांकडे होता. १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने तो घेतला आणि त्याबद्दल त्याला पुढे पोर्तुगालात 'अलोर्नाचा मार्क्विस' हा किताब मिळाला. आपल्या हळर्णचं अलोर्ना झालं ते असं. त्याची नात लिओनोर. राजाच्या रोषामुळे वयाच्या आठव्या वर्षी आई-बहिणीसह लिस्बनजवळच्या एका मठात कोंडली गेली, ती अठरा वर्षांनी १७७७ मध्ये सुटली. मठातच ती शिकली, कविता लिहू लागली आणि पुढे मार्क्विसा द अलोर्ना या नावाने पोर्तुगालची मोठी कवयित्री ठरली. पेडण्यातल्या एका खेड्याचं नाव तिने जन्मभर वागवलं. हे ऐकून अक्का म्हणाल्या, "बघ बाई, तिला आपलं गाव माहीत तरी होतं का!"

पुढे म्हापसा, अस्नोडा करत डिचोली. डिचोलीजवळ लामगावच्या गुहा, आणि साखळीच्या पुढे हरवळ्याच्या. दोन्ही जांभ्या दगडात कोरलेल्या. लामगावच्या गुहा मुळात बौद्ध भिक्षूंच्या मानतात. हरवळ्याच्या गुहांना लोक पांडवांच्या म्हणतात, आत शिवलिंगं आहेत. कोरणारे गेले, नंतर आलेल्यांनी दिवा लावला, म्हणून जागा टिकली. रोमन जगातही हेच घडलेलं दिसतं. रोमचं पँथिऑन इ.स. ६०९ मध्ये चर्च झालं, म्हणून छतासकट उभं राहिलं. आर्लच्या रंगमंडळात तर लोकांनी दोनशेहून जास्त घरं बांधून वस्ती केली होती.

नार्व्याच्या सप्तकोटेश्वराची गोष्ट याहून निराळी. हा गोव्याच्या कदंब राजांचा देव. मूळ देऊळ नदीपलीकडे दिवाडी बेटावर. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडलं, तेव्हा भक्तांनी लिंग नदी ओलांडून नार्व्याला आणलं. डिचोली तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हती, ती त्यांच्याकडे गेली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याचं देऊळ नव्याने बांधायला लावलं. तसा शिलालेख दारावर आहे. देव उचलून नेणारी माणसं होती, मागून बांधून देणारा राजा मिळाला.

आणि आपलं कुडणें? गावात विचारलं तर एका बाईने हात करून दाखवलं, "गुजिराचें देवूळ? फुडें वचात." गुजीर म्हणजे गुजराती व्यापारी. मांडवीच्या खोऱ्यातल्या नद्यांवरून घाटाचा माल बंदराकडे जायचा, त्या वाटेवर व्यापार करणाऱ्यांचं हे देऊळ असावं असं मानतात. झाडीत जांभ्या दगडाच्या भिंती उभ्या आहेत, शिखराचा काही भाग उरलाय. सरकारने ही वास्तू संरक्षित केली आहे. पण ज्यांचं देऊळ, ती माणसं मात्र गावात उरली नाहीत. व्यापारी माणूस बाजार हलला की हलतो. आपण सगळेच तसे आलो, तसे गेलो. मीही कोल्हापूरची, पेडण्यात दुकान असलेल्या घरात आले. आमची मुलं आज पुण्यात आणि म्युनिकला.

मला वाटत होतं, आता अक्का विचारणार, दर्शन कशाचं घेऊ? त्यांनी काहीच विचारलं नाही. बाहेर चपला काढल्या, काठी टेकत आत गेल्या आणि मोकळ्या गाभाऱ्यासमोर उभं राहून णमोकार म्हणू लागल्या. आम्हीही सूर मिळवला. म्हणताना पहिल्यांदाच नीट लक्षात आलं, त्या मंत्रात कोणाचंही नाव नाही. अरिहंतांना नमस्कार आहे, पण कोणते ते सांगितलेलं नाही. समोर मूर्ती नव्हती म्हणून आमचं काही अडलं नाही. किती वर्षांनी तिथे तो मंत्र म्हटला गेला असेल, कोण जाणे.

चारच्या सुमारास एका झाडाखाली डबे सोडले आणि उजेड असताना परत निघालो. भाचीला फोटो पाठवले. तिचं उत्तर आलं, "मावशी, हे मला का नाही दाखवलंस कधी?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

एप्रिलमध्ये मी रोमच्या वाटेवर जाणार आहे, यादी तयार आहे. त्याआधी फेब्रुवारीत बांदिवड्याची नेमिनाथ बस्ती. या वेळी आम्ही चौघींच्या अकरा जणी झालोय. कशाचं दर्शन घ्यायचं म्हणून विचारणाऱ्या वहिनीही येताहेत. जांभ्याच्या भिंती, चिरा निखळलेल्या, म्हणून कशालाही हात लावायचा नाही, असं मी सगळ्यांना बजावलंय. अक्कांनी मात्र निरोप पाठवलाय, "हात नको लावू दे, पण चार झाडण्या घे बरोबर. दाराशी पाचोळा फार असतो."