जुना ट्रक तापतो कुठे ते आधी बघा, रेडिएटर नंतर खोला

जोगेश्वरी : नाशिककडून भाजीपाला, कांदा घेऊन पश्चिम उपनगरात येणारा ट्रक येताना कसारा घाट उतरतो. भरलेला असला तरी तिथे इंजिन फारसे तापत नाही. ठाणे ओलांडून गाडी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला लागली, की पवई ते जोगेश्वरी ट्रॅफिकमध्ये मात्र काटा वर चढतो. परतीला ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारातून किंवा आणखी कुठून रिटर्न भाडे मिळाले, की तोच कसारा चढायचा असतो. काही गाड्या लिंक रोडवर तापतात, काही घाटात. तक्रार एकच वाटली तरी दोन्हींचे दुखणे वेगळे असते. हे न बघता थेट रेडिएटर बदलला, तर पैसे जातात आणि गाडी पुन्हा तापतेच.

ट्रॅफिकमध्ये तापते, चालती राहिली की काटा खाली येतो, तर हवा कमी पडते आहे. गाडी उभी असताना वारा फक्त पंख्याचा. आधी फॅन बेल्ट बघावा. इंजिन बंद करून दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण अर्धा इंच दबावा. जास्त दबला तर ढिला आहे. बेल्टवर तेल उडाले असेल किंवा तो काचेसारखा गुळगुळीत झाला असेल तर ताणूनही घसरतो, बदलावाच लागतो. नंतर पंख्याभोवतीचे कडे, म्हणजे शराउड. काम करताना मेस्त्री ते काढतो आणि पुन्हा बसवतच नाही, असे जुन्या गाड्यांत सर्रास दिसते. कडे नसले की पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूचीच गरम हवा फिरवत बसतो. जाळीसमोर बांधलेली ताडपत्री, नावाचा मोठा बोर्ड, गोंडे हेसुद्धा वारा अडवतात. शोभा गावात ठीक आहे.

रेडिएटरच्या पातळ पत्र्यांत धूळ, उसाचे पाचट, किडे अडकलेले असतात. ते इंजिनच्या बाजूने पुढे, हलक्या धारेच्या पाण्याने काढावेत. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा जवळून मारला तर पत्रे वाकतात आणि वाट कायमची बंद होते.

ट्रॅफिकमध्ये ठीक, पण चढाला किंवा भरधाव चालताना तापते, तर बहुतेक वेळा पाणी नीट फिरत नाही. वर्षानुवर्षे बोअरचे पाणी भरले की नळ्यांत क्षार बसतो, घरच्या बंबात बसतो तसाच. गाडी तापलेली असताना बंद करून, पंख्यापासून हात लांब ठेवून, रेडिएटरच्या पुढच्या भागावरून हात फिरवावा. मध्येच एखादा पट्टा गार लागला तर तिथल्या नळ्या बुजल्या आहेत. खालचा होस पाइप जुना झाला की आतून मऊ पडतो आणि इंजिन रेस केल्यावर ओढला जाऊन चपटा होतो. उभ्या गाडीत तो चांगलाच दिसतो, म्हणून एकाने रेस करावी आणि दुसऱ्याने लांबून बघावे. घाट चढताना मोठ्या गिअरमध्ये इंजिन रेटू नये. एक गिअर खाली घेतला की पंप आणि पंखा दोन्ही जोरात फिरतात.

थर्मोस्टॅटबद्दल ड्रायव्हर मंडळींचा एक ठाम समज आहे, की तो काढून टाकला की कटकट मिटली. तसे होत नाही. तो नसला तर इंजिन गार राहते, डिझेल जास्त पिते, लायनर लवकर झिजतात. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आतच फिरते आणि गाडी उलट जास्त तापते. तपासणे सोपे आहे. थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात टाकून पाणी तापवावे. उकळी येण्याच्या आधी तो उघडायला लागला तर चांगला, उकळूनही बंदच राहिला तर बदलावा.

पाणी कमी होते पण खाली थेंब दिसत नाही, ही सगळ्यात वाईट खूण. आधी झाकण तपासावे. चांगल्या झाकणाने आतला दाब अर्धा बार वाढला, तर पाणी १०० ऐवजी साधारण १११ अंशाला उकळते. रबर कडक झालेले झाकण हा दाब धरत नाही. वॉटर पंपाखालच्या बारीक भोकातून पाणी झिरपत असेल तर पंपाचे सील गेले. गार इंजिन झाकण काढून सुरू केल्यावर पाण्यात सारखे बुडबुडे येत असतील, ऑइल दुधाळ झाले असेल, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅस्केट किंवा हेडच गेले. अशी गाडी पुढे रेटली तर इंजिन सीज होते आणि भाडे, माल, इंजिन तिन्ही जातात.

रस्त्यात काटा लालवर गेला तर गाडी कडेला घ्यावी. पाणी जागेवर असेल, वाफ नसेल, तर दोन-तीन मिनिटे थोडी रेस देऊन चालू ठेवावी. वाफ निघत असेल तर लगेच बंद. झाकणाला हात लावू नये, अर्ध्या तासाने जाड फडके धरून हळूहळू फिरवावे. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतले तर हेडला तडा जातो. इंजिन बरेच निवल्यावर थोडे थोडे ओतावे. त्या वेळी साधे पाणी चालेल, पण गावी आल्यावर ते काढून डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे भरावे, आणि भरताना इंजिन सुरू ठेवून आत अडकलेली हवा निघू द्यावी.