नखाखालचं हिरवं

अंगठ्याचं नख थोडं वाढू द्या. या प्रवासात दुसरं हत्यार लागणार नाही.

1854 चा वसंत. तुम्ही मिनेटोंका तलावाच्या काठी, गुडघाभर ओल्या पाचोळ्यात उभे आहात. अमेरिकेच्या नकाशात मिनेसोटा अजून राज्यही नाही. ते व्हायला चार वर्षं आहेत. तलावाचं नावही नवंच, डकोटा भाषेतल्या ‘पाणी’ आणि ‘मोठं’ या दोन शब्दांवरून दोन वर्षांपूर्वी ठेवलेलं. ज्यांची ही भाषा, त्या डकोटांकडून ही जमीन 1851 च्या तहांनी काढून घेतली गेली. शब्द तेवढे मागे राहिले.

समोर चौतीस वर्षांचा एक माणूस खड्डे खणतोय. पीटर गिडियन, जन्म ओहायोचा, इथे येऊन जेमतेम वर्ष झालेलं. गुलामगिरीचा कट्टर विरोधक, दारूचाही. त्याच्या लेखी सफरचंद खायचं फळ आहे, सायडर गाळून प्यायचं नव्हे. खड्ड्यांशेजारी ओल्या गोणपाटात बांधलेली रोपं आहेत. नावाजलेल्या तीस जातींची सफरचंदं, शिवाय नासपाती, प्लम, चेरी. आणि एक बुशेल, म्हणजे सुमारे 35 लिटरचं माप भरून, सफरचंदाचं बी.

तुम्ही कोकणातले असाल, निदान मे महिन्यात कोकणात जाणारे असाल, तर एवढं बी बघून तुमच्या मनात प्रश्न येईलच. चांगल्या जातीची कलमं हातात असताना बी कशाला पेरायचं? हापूसची कोय पुरली तर हापूस येईलच असं नाही, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. सफरचंद त्याहून लहरी. त्याला दुसऱ्या जातीचा पराग लागतो, त्यामुळे एकाच फळातल्या पाच बियांतून पाच वेगळी झाडं निघतात. त्यातली बहुतेक आंबट, खुरटी, टाकाऊ. सगळीच रायवळ.

पण जी जात अजून जगात नाहीच, तिचं कलम आणणार कुठून? ती बीमधूनच यायची. लॉटरीचं तिकीट म्हणा. गिडियन तिकिटं पोत्याने विकत घेतोय.

आता हिवाळ्यात चला. काय असेल ते अंगावर घ्या, पुरणार नाही.

पहिल्यांदा नाकातले केस गोठतात. मग पापण्या एकमेकींना चिकटू लागतात. तलावाचा बर्फ रात्री कण्हतो. लांब कुणी जड लोखंडी कपाट ओढतंय असा तो आवाज. अशा रात्री पारा उणे 30 च्या खाली जातो. कधी तो हलायचाच थांबतो, कारण उणे 39 अंश सेल्सियसला पारा स्वतःच गोठतो.

झाडाच्या आत या वेळी काय चाललंय? शहाणं झाड ऑगस्टपासूनच तयारीला लागतं. दिवस लहान होऊ लागले की ते वाढ थांबवतं, शेंडे बंद करतं, पेशींमध्ये साखर साठवतं. पेशीतलं पाणी हळूहळू बाहेर, दोन पेशींच्या मधल्या जागेत काढून देतं. बर्फ तिथे झाला तर चालतो. पेशीच्या आत झाला तर सुया टोचाव्यात तसं सगळं फाटून जातं. लाकडातल्या काही पेशी पाणी गोठू न देता नुसतंच अतिथंड करून धरून ठेवतात, पण ही करामत साधारण उणे 40 पर्यंतच चालते. सेल्सियस आणि फॅरनहाइट एकच आकडा दाखवतात ती ही जागा. बहुतेक सफरचंदांचा हिशेब तिथे संपतो.

ओहायोहून, पूर्वेकडून आलेल्या जातींना ऑगस्टमध्येच वाढ थांबवायचा हा कायदा ठाऊक नाही. तिकडचा उन्हाळा लांब, त्यांना घाई कशाची? ऑक्टोबर आला तरी त्यांचे शेंडे कोवळे असतात. फेब्रुवारीत आणखी एक फसवणूक होते. दुपारचं ऊन खोडाच्या नैर्ऋत्य बाजूवर पडतं, साल ऊबदार होते, पेशींना वाटतं वसंत आला. सूर्य बुडतो आणि तासाभरात तीच साल उभी फाटते.

मे महिना. आता नख काढा. गिडियनच्या मागोमाग रांगेतून फिरत एकेका फांदीची साल जरा खरवडा. आत ओलसर हिरवं दिसलं तर झाड जिवंत. तपकिरी दिसलं तर गेलं. फांदी छाटून पाहाल तर मधला गाभा काळा पडलेला असतो. वरून धडधाकट आणि आतून काळं, अशी झाडं एखादं वर्ष पानंही काढतात आणि मग एकदमच बसतात.

तपकिरी. तपकिरी. हिरवं. तपकिरी.

हे एका वर्षाचं नाही. पहिल्या पेरणीनंतर गिडियनने नऊ वर्षं, दर वर्षी, हजार झाडं उठतील एवढं बी पेरलं. तुम्ही प्रत्येक मे महिन्यात येऊन खरवडत राहा. हिरव्याची संख्या दर खेपेला कमी होत जाते. शेवटी उरतं ते रानसफरचंदाचं एकच लहानसं रोप, ज्याला इकडे क्रॅब म्हणतात. फळ सुपारीएवढं, चव तोंड वाकडं करणारी. पण साल खरवडली की हिरवं.

आता झोपडीत या. 1860 चं दशक चालू आहे, आणि पुढचा हिवाळा दाराशी आलाय.

घरात रोख रक्कम आहे आठ डॉलर. गिडियनकडे थंडीचा कोट नाही. पत्नीचं नाव वेल्दी, माहेरची हल. वेल्दी या शब्दाचा अर्थ श्रीमंत, आणि या घरात तो अर्थ कुणाला सांगायची सोय नाही. या आठ डॉलरमध्ये काय काय येऊ शकतं याची यादी तुम्ही मनात करू लागता. पीठ, मीठ, लोकर, मुलांचे जोडे. गिडियन वेगळी यादी करतो. ते पैसे तो मेन राज्यातल्या बँगोर गावी अल्बर्ट एमर्सन नावाच्या बागायतदाराला पाठवतो, आणि बदल्यात बी आणि कलमकाड्या मागवतो. मेनसुद्धा थंड मुलूख. तिथे जे तगलंय त्याच्या लेकरांत काही दम असेल, हा हिशेब.

कोटाचं काय? तो कोपऱ्यात सुईदोरा घेऊन बसलाय तिकडे बघा. दोन जुनी जाकिटं एकमेकांना जोडलीत. फाटक्या विजारीचे पाय कापून त्यांच्या बाह्या लावतोय. असा कोट घालून बाजारात गेलात तर लोक हसतील, पण इथे बाजार कुठे आहे?

तुम्हाला त्याला अडवावंसं वाटतं. दहा वर्षांचा पुरावा तुमच्या नखाखाली आहे. पण एक गोष्ट या मेलेल्या झाडांनी त्याला शिकवली आहे. ओहायोचं झाड आणून इथे जगवायचा हट्ट चुकीचा होता. थंडीला हरवता येत नाही. तिला निवड करायला लावता येते. आपण फक्त तिला मारायला पुरेशी रोपं द्यायची आणि मे महिन्यात काय उरलं ते बघायचं. सफरचंदाच्या बीलाही थंडी लागतेच. ओल्या मातीत दोन-तीन महिने गारठल्याशिवाय ते फुटतच नाही.

पुढची काही वर्षं झपाट्याने ओलांडा आणि 1868 च्या सप्टेंबरात उतरा.

बँगोरच्या बीतून आलेल्या एका झाडाला फळ धरलंय. एक तोडा. आकार मध्यम, फिकट पिवळ्यावर लाल पट्टे, उन्हाकडची बाजू जवळजवळ पूर्ण लाल. दात लावलात की पांढरा गर, सालीजवळ कुठेकुठे गुलाबी रेघ. आधी आंबट, मागून गोड, आणि रस मनगटापर्यंत. क्रॅबसारखं तोंड वाकडं होत नाही. हे सुरीने कापून पाहुण्यापुढे ठेवावं असं फळ आहे, आणि त्याचं झाड इथले हिवाळे उभ्याने काढून आलंय.

गिडियन त्याला बायकोचं नाव देतो. वेल्दी.

आता बीचं काम संपलं, कलमाचं सुरू झालं. वेल्दीचं बी पेरलं तर पुन्हा लॉटरीच निघेल, म्हणून त्या एका झाडाच्या काड्या कापून दुसऱ्या मुळांवर बांधायच्या. त्या काड्या मिनेसोटातून बाहेर पडतात, प्रेअरीच्या गवताळ सपाटीवरच्या शेतांत जातात, तिथून देशभर. विसावं शतक उजाडेपर्यंत वेल्दी हे अमेरिकेतल्या महत्त्वाच्या व्यापारी सफरचंदांपैकी एक झालेलं असतं. 1878 मध्ये राज्य सरकार गिडियनच्या शेताला लागून 116 एकर जागा घेतं, फळांचं प्रयोगक्षेत्र काढतं आणि त्यालाच प्रमुख नेमतं. 1889 मध्ये ते बंद पडतं. दहा वर्षांनी गिडियन जातो.

गोष्ट इथे संपवली असती तर ती शाळेच्या पुस्तकात शोभली असती. पण 1884-85 च्या हिवाळ्यानंतरचा मे महिना बघायला चला. नख लावा.

वेल्दी. तपकिरी.

सगळीकडे नाही, पण पुष्कळ ठिकाणी. जवळच्याच रांगेतलं डचेस ऑफ ओल्डेनबर्ग हे रशियन सफरचंद मात्र हिरवं. पुढे मिनेसोटाची बागायत संस्था एक जाहिरात काढते: डचेसइतकं काटक, वेल्दीइतकं चवदार आणि मलिंडाइतकं टिकाऊ सफरचंद जो उगवून दाखवील त्याला 1000 डॉलर. आठ डॉलरच्या फळाची चव आता मोजपट्टी झाली आहे, पण त्या फळाजवळ सगळं नाही, हे त्या एकाच वाक्यात कबूल केलंय.

आणखी उत्तरेला, कॅनडाच्या प्रेअरीत, तर वेल्दीचाही निभाव कठीण. तिथे उभं राहून चहूकडे बघा. डोंगर नाही, झाड नाही, वारा अडवायला काहीच नाही. या मुलखासाठी विल्यम सॉन्डर्स हा मूळचा औषधविक्रेता, सरकारी प्रयोगक्षेत्रांचा पहिला संचालक, वेगळ्या टोकाने सुरुवात करतो. गोड झाडाला काटक करण्याऐवजी काटक झाडाला गोड करायचं. 1887 मध्ये तो सेंट पीटर्सबर्गच्या वनस्पती उद्यानातून सायबेरियन क्रॅबचं बी आणवतो. फळ करवंदाएवढं, पण ब्रँडन आणि इंडियन हेडच्या उघड्या माळावर ती झाडं न झाकता जगतात. 1894 पासून तो त्यांच्या फुलांवर मोठ्या सफरचंदांचा पराग घालतो. 1899 मध्ये पहिल्या संकरांना फळं येतात. अजून लहानच, जेमतेम लिंबाएवढी. पण जिथे कुणाच्या परसात सफरचंद नव्हतं तिथे मुरंब्यापुरतं झालं.

1922. पुन्हा मिनेटोंकाचा परिसर. गिडियनच्या जमिनीपासून फार दूर नाही अशा ठिकाणी विद्यापीठाने 1908 पासून फळपैदास केंद्र चालवलंय. तिथून हॅरलसन नावाचं सफरचंद बाहेर पडतं. लाल, घट्ट, आंबटसर, तळघरात चार-पाच महिने टिकणारं. आई मलिंडा हे तेव्हाच माहीत होतं. बाप कोण याचा उलगडा बऱ्याच वर्षांनी जनुकांच्या तपासणीत झाला: वेल्दी. इनामाच्या जाहिरातीतली दोन नावं एका झाडात आली होती.

एक शेवटचा थांबा आहे, 1977. त्याच केंद्रात 1711 क्रमांकाच्या रोपावर बाद असा शेरा पडलाय, कारण मूळ झाडाला हिवाळ्याने मार दिला. आतापर्यंत तुम्ही थंडीला न्यायाधीश मानत आला आहात, तेव्हा तुम्हीही मान डोलवाल. पण काही वर्षांतच डेव्हिड बेडफर्ड नावाचा नवा संशोधक त्याच रोपाच्या उरलेल्या कलमांकडे बघतो आणि ठरवतो, आणखी थोडं थांबू. 1991 मध्ये ते हनीक्रिस्प या नावाने बाजारात येतं. आज अमेरिकेतल्या दुकानांत ते महागातल्या सफरचंदांपैकी एक आहे, 2006 पासून मिनेसोटाचं राज्यफळही. त्याच्या आजा-पणजांत शोधलंत तर तेच काटक रशियन डचेस सापडतं. हिवाळाही एखाद्या झाडाबाबत चुकतो. म्हणून तर नख लावून बघायचं.

परत या. गिडियनने 1870 मध्ये बांधलेलं घर अजून उभं आहे. वेल्दीचं मूळ झाड नाही. पण जगात जिथे जिथे वेल्दी आहे, तिथे तिथे कलमाकलमाने आलेलं त्या एकाच झाडाचं लाकूड आहे.

मिनियापोलिसकडे तुमचं कुणी राहत असेल तर त्यांना एक काम सांगा. सप्टेंबरात एखाद्या जुन्या बागेत जाऊन वेल्दी आहे का म्हणून विचारावं. असलं तर तिथेच उभ्याने खावं. चव आहे, पण ते फार टिकत नाही.