भरवशाची म्हैस

पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. खानेसुमारीचा कारकून दारात येऊन उभा राहिला तरी शेजारणीच्या तोंडून ते वदवून घ्यायच्या. आमच्या मोटारसायकलीच्या बाबतीत मीही तोच रिवाज पाळणार आहे. १९८० साली ती घरात आली. इतक्या वर्षांच्या संसारानंतर चारचौघांत तिची गाऱ्हाणी सांगायची आणि वर तिच्या माहेरचं नावही उच्चारायचं, हे काही बरं दिसत नाही. जाणकारांनी ओळखू नये आणि इतरांनी विचारू नये, एवढीच विनंती.

गाऱ्हाणं मुख्यतः एकच. सकाळी ती चालू होणार की नाही, हे फक्त तिलाच माहीत असतं. मी पेट्रोलचा कॉक उघडतो, चोक ओढतो, किल्ली फिरवतो, मनातल्या मनात कुलदैवताचं नाव घेतो आणि किक मारतो. पहिली किक ही नुसती वर्दी असते. दुसरीला ती कूस बदलते. तिसरीला खोकते. चौथीपर्यंत समोरच्या इमारतीच्या गॅलरीत तीन प्रेक्षक जमलेले असतात आणि त्यातले एक निवृत्त गृहस्थ मोठ्यानं आकडे मोजत असतात. सातव्या किकेला गाडी सुरू झाली तर त्यांना मनापासून वाईट वाटतं; त्यांचा अंदाज नवाचा असतो.

२०२५ साली मात्र प्रकरण हातघाईवर आलं. मोटारसायकलीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तिला परिवहन कार्यालयात नेऊन, ती अजून रस्त्यावर चालण्याजोगी आहे असा दाखला घ्यावा लागतो. लोक याला ‘पासिंग’ म्हणतात. (माणसांना हा नियम नाही हे बरं आहे, आमच्या इमारतीतली निम्मी मंडळी पहिल्याच फेरीत नापास होतील.) तारीख जवळ आली तशी ही म्हणाली, “अहो, आता पुरे. तिचेही सांधे गेलेत आणि तुमचेही.” चिरंजीवांनी तर गिऱ्हाईकच आणलं. “बाबा, जुन्या गाड्या जमवणारा माणूस आहे. किंमत चांगली देतोय. दिवाणखान्यात ठेवणार आहे. नाहीतरी तिचा भरवसा काय?”

“भरवशाच्या म्हशीला टोणगा,” ही आतून म्हणाली.

‘भरवसा’ या शब्दापाशी मी अडलो. आणि पेन्शनरानं अडल्यावर करायचं तेच केलं. इतिहासात शिरलो.

आपल्याकडे दणकट गाडी म्हटलं की पहिलं नाव बुलेटचं. (ती आमची की दुसऱ्याची, हे विचारायचं नाही असं ठरलंय.) तिचं माहेर इंग्लंडातलं रेडिच गाव. तिथल्या एनफिल्ड कंपनीनं पहिली मोटारसायकल १९०१ साली केली, आणि ‘बुलेट’ हे नाव १९३२ साली आलं. कंपनी बंदुकांचे सुटे भागही करीत असे. तेव्हा चिन्हात तोफ आणि नावात गोळी हे ओघानंच आलं. स्वातंत्र्यानंतर आपल्या लष्कराला सीमेवरच्या गस्तीसाठी गाडी हवी होती, तिथे हिची निवड झाली. १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया निघाली. आधी विलायतेहून आलेले भाग इथे जोडायचे, पुढे सगळं इथंच होऊ लागलं. आणि मग गंमत झाली. १९६७ साली रेडिचचा कारखाना बंद पडला, आणखी काही वर्षांत इंग्लंडातली मूळ कंपनीच संपली. मद्रासला दिलेली लेक मात्र सुखरूप होती. १९७७ पासून मद्रासची बुलेट इंग्लंडात विक्रीला जाऊ लागली. माहेर बुडालं, आणि लेकच तिकडे चोळीबांगडी घेऊन निघाली!

दुसरी जावा. हे नाव ऐकून मराठी घरातल्या सासूबाई दचकल्या असतील, पण घरातल्या जावांशी तिचा संबंध नाही. १९२९ साली प्रागच्या यानेचेक नावाच्या गृहस्थांनी वाँडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकलीचं काम घेतलं, आणि दोन्ही नावांची आद्याक्षरं जोडून तिचं बारसं केलं. १९६१ पासून ती म्हैसूरला तयार होऊ लागली. पुढे तिचं नाव येझदी झालं. तिच्या जुन्या अवताराची एक खुबी मला फार आवडते. किक आणि गिअर यांना मिळून एकच दांडा! किक मारून झाली की तोच दांडा पुढे वळवायचा आणि त्यानंच गिअर टाकायचे. झारा आणि उलथनं एकातच उरकणाऱ्या काटकसरी गृहिणीला हे लगेच पटेल.

तिसरी राजदूत. फरीदाबादच्या एस्कॉर्ट्‌स कंपनीनं ती एका पोलिश गाडीवरून घेतली. १९७३ साली ‘बॉबी’ चित्रपटात तिची छोटी बहीण झळकली, तिच्या मागे तरुण मुलं लागली. थोरली मात्र गवळ्यांच्या घरी पडली आणि तिनं सोनं केलं. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, मध्ये गवळी, खाली खडी. अशा गाडीचा भरवसा मोजायला शास्त्रज्ञ लागत नाही. दूध नासलं नाही म्हणजे गाडी वेळेवर पोचली.

आता मुद्दा असा, की या तिन्ही गाड्या बंद पडत. सगळ्यांच्याच पडत. इंजिनात ठिणगी पाडायला पॉइंट असायचे. म्हणजे धातूचे दोन इवलेसे ठिपके, योग्य क्षणी एकमेकांपासून सुटणारे, आणि सुटले की त्यांच्यातलं अंतर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. तिथे कचरा आला, दमट हवा शिरली, की गाडीनं मान टाकलीच. पण ते कुलूप उघडायला एक पेचकस पुरायचा. शिवाय वर्षानुवर्षं गाडीचं मूळ रूप फारसं बदलत नसे, त्यामुळे एकदा हात बसलेल्या मेकॅनिकला जन्मभर दुसरं शिकावं लागत नसे.

१९८५ साली हीरो होंडाची शंभरी गाडी आली आणि तिच्या जाहिरातीनं तीन शब्दांत आमच्या पिढीचा निकाल लावला. पेट्रोल भरा, टाकी बंद करा, विसरून जा! खरंच लोक विसरले. जपानी कारागिरीचे सांधे तेल गळत नव्हते, पेट्रोल अत्तरासारखं पुरत होतं. पुढे पॉइंट गेले, इलेक्ट्रॉनिक ठिणगी आली; २०२० च्या प्रदूषणाच्या नियमांनंतर तर बहुतेक मोटारसायकलींचा कार्ब्युरेटरही गेला. वाईट काहीच झालं नाही. आमची गाडी जेवढा धूर एका सकाळी सोडते तेवढ्यात नव्या गाड्यांची वरातच निघेल. नव्यांचे ब्रेक म्हणजे हुकूम. आमचे ब्रेक म्हणजे विनंतिअर्ज. हे मला कबूल आहे.

पण १९८२ च्या जूनमधली एक संध्याकाळ मी विसरू शकत नाही. महाडला लग्न होतं. ही मागे बसली होती, मांडीवर पैठणीची पिशवी. भोर ओलांडलं, पाऊस कोसळू लागला आणि वरंधा घाटाच्या अलीकडे गाडी थांबली. मी किका मारल्या. आधी किकांनी थकलो, मग हिच्या न बोलण्यानं. अंधार पडत आला तेव्हा रिकाम्या किटल्या खडखडवत एक गवळी आला. न सांगता थांबला. त्यानं टोपीखालून काडेपेटी काढली. मला वाटलं, बिडी पेटवतोय. त्यानं पॉइंटवरचं झाकण काढलं, धोतराच्या कोरड्या सोग्यानं आतलं पाणी टिपलं, आणि काडेपेटीची ओढायची कड दोन ठिपक्यांमध्ये घालून हळूच घासली. “मारा आता.” पहिल्याच किकेला गाडी सुरू! मी पाकीट काढलं. तो म्हणाला, “पैकं नगं, पाव्हणं. कुठं कुनाची बंद दिसली तर थांबा, म्हंजी झालं.”

तेव्हापासून मी थांबत आलो. गेल्या पावसाळ्यात त्याच घाटात चिरंजीवांची नवी गाडी थांबली. गाडीच्या बाजूनं सांगायचं तर चार वर्षांत ही पहिलीच वेळ. समोरच्या काचेवर एक पिवळा दिवा लागला आणि सगळं शांत. आम्ही उतरलो. एक टेम्पोवाला थांबला, मग एस. टी.तून निवृत्त झालेले एक मेकॅनिक थांबले. आम्ही तिघांनी मिळून त्या पिवळ्या दिव्याकडे अत्यंत अनुभवी नजरेनं पाहिलं. एकाचीही काडेपेटी खिशाबाहेर आली नाही. शेवटी फोन करून गाडी टेम्पोत घालून नेली. दुरुस्तही झाली, पण कशानं बिघडली होती ते आम्हाला अजून कळलेलं नाही. टेम्पोवाला जाताना खजील होऊन म्हणाला, “काका, थांबलो खरा, पण उपेग काय?” मला गाडी बंद पडल्याचं वाईट वाटलं नाही. त्याच्या त्या वाक्याचं वाटलं.

म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद झाला. हिशेबानं पुढच्या दहा वर्षांत ती गाडी भंगारात जायला हवी होती. पण दर जुलैच्या दुसऱ्या रविवारी तिचे मालक गावोगावी जमतात, आणि येतात ते तिच्यावर बसून! कुणी लेथवर बुश काढून दिला, कुणी जुन्या दुकानाच्या माळ्यावरून क्लचप्लेटा शोधल्या, कुणी नुसताच सल्ला दिला. कारखाना बंद पडला नव्हता, तो माणसांमाणसांत वाटला गेला होता. २०१८ साली ते नाव पुन्हा बाजारात आलं, तोवर याच मंडळींनी ते जपलं. जुनी गाडी भरवशाची असते ती अशी. भरवसा तिच्यात नसतोच. तो तिच्याभोवतीच्या माणसांत असतो. माणसं संपली की ती दिवाणखान्यात जाते.

आमच्या गाडीभोवतीचं माणूस म्हणजे मामा. नात्यानं नव्हे, वहिवाटीनं. रस्त्याकडेच्या टपरीत गेली चाळीस वर्षं तेच तिला पाहतात. प्लग काढून त्याचा रंग बघायचे, वैद्यानं जीभ बघावी तसा. काळा असला तर पेट्रोल जास्त, पांढुरका असला तर कमी, बदामी असला तर “साहेब, घरी जा.” पासिंगच्या आदल्या आठवड्यात गाडी घेऊन गेलो. मामांनी पेचकस हातात घेतला, बराच वेळ वाकून पाहिलं, आणि माझ्यासमोर धरला. “साहेब, मला आता ती फट दिसत नाही. तुम्हीच करा, मी सांगतो.”

रात्री खाली पार्किंगमध्ये बसून मी तेच पुन्हा करून पाहत होतो. माझ्याही चष्म्याला फट नीट दिसेना. तेवढ्यात मागून उजेड पडला. चिरंजीव मोबाइलची बॅटरी धरून उभे होते. थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “बाबा, ते दोन ठिपके सुटतात म्हणजे नक्की काय होतं?”

मी सरकून त्यांना जागा करून दिली. फरशीवर तेलाचा डाग होता. त्यात ते नव्या पँटसकट बसले. गिऱ्हाइकाचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही.

पासिंगला तपासणीसांनी दिवा पाहिला, हॉर्न ऐकला, ब्रेक दाबला आणि विचारलं, “ही इथवर चालत आली?”

“चालत आली, साहेब.”

“परत जाईल?”

मी चिरंजीवांकडे पाहिलं. त्यांनी खिशावर हात ठेवला. आत काडेपेटी होती.